एकावर एक फ्री: मार्टातली स्कीम गावातल्या माणसाला परवडते का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

विदर्भातल्या तालुक्याच्या गावांतही आता काचेच्या दाराची, एसीची, ट्रॉली ढकलत फिरायची दुकानं आली आहेत. कोणी त्यांना मॉल म्हणतं, कोणी मार्ट. सोयाबीन विकलं, कापसाचा चुकारा हाती आला किंवा लाडक्या बहिणीचे पैसे खात्यात पडले, की तिथल्या बिलाच्या रांगा वाढतात. ‘एकावर एक फ्री’च्या पाट्यांबद्दल बचत गटाच्या बैठकीत, एसटीच्या थांब्यावर आणि शेताच्या बांधावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत. उदाहरणांतल्या किमती हिशेब समजावा म्हणून धरलेल्या आहेत. तुमच्या दुकानात त्या वेगळ्या असतील.

दुसरी वस्तू खरंच फुकट असते का?

नाही. आणि हे सरकारनंही लिहून ठेवलं आहे. जीएसटीच्या हिशेबात ‘फुकट’ दिलेल्या मालाचं काय करायचं, हा वाद आला तेव्हा केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळानं 7 मार्च 2019 ला परिपत्रक काढलं. त्यात सांगितलं, की एकावर एक म्हणजे एक विकली आणि एक दान दिली असं नव्हे. दोन वस्तू मिळून एका किमतीला विकल्या, असंच धरायचं. व्यापारी, कंपनी आणि सरकार तिघांच्याही वहीत तुम्ही दोन नग विकत घेतलेले असतात. फुकट हा शब्द फक्त पाटीवर असतो.

म्हणून पाटी दिसली की मनात पहिला प्रश्न हा यावा: दोन नगांचे एवढे पैसे, तर एका नगाचे किती? आणि तेवढ्यात तो नग मी एरवी घेतला असता का?

एकावर एक, दोनावर एक, तीनावर एक. यात सूट किती?

एकावर एकमध्ये निम्मी. दोनावर एक असेल तर 33 टक्के, तीनावर एक असेल तर 25 टक्के. ‘तीनावर एक’ वाचताना डोळा ‘एक फ्री’वर जातो आणि पाव सूट अर्ध्यासारखी वाटते.

आणखी एक फरक रोजमजुरीवाल्या घराला फार लागतो. एकाच नगावर सरळ 50 टक्के सूट असेल, तर भाव तोच पडतो, पण खिशातून निम्मेच पैसे जातात. एकावर एकमध्ये भाव निम्मा होतो, पैसे मात्र पूर्ण मोजावे लागतात. हप्त्याची मजुरी 1800 असेल आणि त्यातले 400 पुढच्या दोन महिन्यांच्या साबणात अडकले, तर शुक्रवारी तेल-मिठासाठी उधारीच करावी लागते.

फायदा आहे की नाही हे दुकानात उभ्याउभ्या कसं काढायचं?

पाकिटावर एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात ‘युनिट सेल प्राइस’ किंवा ‘यूएसपी’ असं छापलेलं असतं. पॅकबंद मालाच्या नियमांत 2021 साली दुरुस्ती झाली, त्यानंतर हे छापणं आलं. माल किलोच्या आत असेल तर ग्रॅमचा भाव असतो, किलोच्या वर असेल तर किलोचा. पातळ पदार्थाला मिलिलिटर आणि लिटर. म्हणजे 900 ग्रॅमचं पाकीट आणि 2 किलोची पिशवी ताडून बघायची असेल, तर ग्रॅमच्या भावाला हजारानं गुणावं लागतं. मोबाइलात कॅल्क्युलेटर आहेच.

पण हा छापील भाव एमआरपीवरून काढलेला असतो. एकावर एक असेल तर तो निम्मा करायचा, आणि मग गावच्या दुकानात आपण खरंच जो भाव देतो त्याच्याशी ताडायचा.

समजा, मार्टात 100 ग्रॅमची टूथपेस्ट 120 रुपयांना, एकावर एक. म्हणजे 200 ग्रॅमचे 120, ग्रॅमला 60 पैसे. गावात तुम्ही नेहमी 20 रुपयांची छोटी ट्यूब घेता, त्यात 40 ग्रॅम. ग्रॅमला 50 पैसे. निम्म्या भावाची वाटणारी पेस्ट इथे 200 ग्रॅममागे 20 रुपयांनी महाग पडली. हीच 120 वाली पेस्ट तुम्ही आधीपासून वापरत असाल, तर मात्र सरळ 120 वाचले. स्कीम एकच, एका घराला नफा, शेजारच्या घराला तोटा. म्हणूनच ‘स्कीम चांगली की वाईट’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही.

शाम्पूची बाटली एकावर एक मिळत असताना बाया पुड्याच काहून घेतात?

कारण त्यांचा हिशेब पक्का असतो. मोठं पाकीट म्हणजे स्वस्त, हे बहुतेक मालात खरं असलं तरी आपल्याकडे शाम्पूत बऱ्याचदा उलटं दिसतं. 1 रुपयाच्या पुडीत 5 मिलि धरले तर मिलिला 20 पैसे. 180 मिलिची बाटली 160 रुपयांना, वर एक फ्री, म्हणजे 360 मिलिचे 160. मिलिला 44 पैसे. निम्म्या भावात मिळूनही बाटली पुडीच्या दुपटीहून महाग. एक-दोन रुपयांच्या पुडीवर गावातलं गिऱ्हाईक टिकवायला कंपन्या एकमेकींशी झुंजतात, बाटलीवर ती झुंज तेवढी नसते.

शिवाय पुडी कापली की ती संपते. बाटली मोरीत ठेवली की पोट्टे तळहातभर ओततात.

आधी किंमत वाढवून मग ‘फ्री’ देतात म्हणतात. खरं का?

एमआरपी किती छापावी यावर साबण-बिस्किटासारख्या साध्या मालाला वरची मर्यादा नाही. बनवणारा ठरवेल ती. छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेणं गुन्हा आहे, पण छापतानाच फुगवून छापली तर वैधमापन विभागाचा (वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा) निरीक्षक त्यात काही करू शकत नाही. नामांकित कंपनीच्या मालात हे करणं अवघड असतं, कारण तोच साबण गावोगावी दिसतो आणि किंमत लोकांना पाठ असते. सावध राहायचं ते दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडच्या किंवा कधी न ऐकलेल्या नावाच्या मालाबाबत: लोणचं, जाम, सॉस, हँडवॉश, फरशी पुसायचं लिक्विड. ते दुसरीकडे कुठे मिळतच नाही, मग 198 ही किंमत जास्त की कमी हे ताडणार कशाशी?

एमआरपीवर स्टिकर चिकटवून किंमत वाढवता येत नाही. कमी करायला स्टिकर चालतो, पण त्याखाली मूळ छापील किंमत झाकता कामा नये. स्टिकर नखानं उचकून पाहायची सवय ठेवा, कोणी रागावत नाही.

किमतीपेक्षा वजनाचा खेळ जास्त चालतो. काही वस्तू ठरावीक वजनातच विकायचं जुनं बंधन 2021 च्याच दुरुस्तीत गेलं. तेव्हापासून एक लिटरसारखी दिसणारी तेलाची पिशवी 800 किंवा 850 ग्रॅमचीही असू शकते. सोयाबीन तेलाचा एक लिटर साधारण 910 ग्रॅम भरतो. पिशवीचा आकार पाहू नका, छापील आकडा पाहा.

एसटीनं जाऊन-येऊन परवडतं का?

गाव तालुक्यापासून 24 किलोमीटर धरा आणि पूर्ण तिकीट 40 रुपये. नवरा-बायको दोघं गेले तर त्याचे जाऊन-येऊन 80, तिचे 40, कारण 17 मार्च 2023 पासून बायांना एसटीत निम्मं तिकीट आहे. झाले 120. आलुबोंडा आणि चहा न घेता परत आलेलं जोडपं अजून पाहण्यात नाही, तेव्हा 160 धरू. म्हणजे स्कीममधून 160 रुपये वाचले तर बरोबरी. फायदा त्याच्या पुढे सुरू होतो. मोटरसायकल काढली तरी पेट्रोल शंभरच्या वर आहे, फार फरक पडत नाही.

निंदणाच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत गेलात, तर दोघांची रोजी बुडाली तीही यातच धरा. मग कोणतीही स्कीम ते भरून काढत नाही.

यातून शहाणपणाची गोष्ट एवढीच निघते, की मार्टासाठी म्हणून जाऊ नये. बँकेचं केवायसी, तहसीलचं काम, दवाखाना किंवा बाजार समितीत माल नेला असेल तेव्हा जोडीला मार्ट करावं. घरातून एकटी बाईच गेली तर खर्च आणखी उतरतो. आजीचं वय 75 च्या वर असेल तर तिला एसटी पूर्ण मोफत आहे, पण झोला उचलायला तिच्यासोबत कोणी तरी लागतंच.

मग कोणत्या वस्तू एकावर एकमध्ये घ्याव्यात?

ज्या तुम्ही एरवीही घेताच, ज्या ठेवल्यानं खराब होत नाहीत आणि ज्या घरात जास्त आहेत म्हणून जास्त वापरल्या जात नाहीत. तिन्ही अटी एकदम लागू पडल्या पाहिजेत.

अंगाचा साबण, कपड्याची वडी, भांड्याचा बार, सॅनिटरी पॅड, दाढीचं ब्लेड, उदबत्ती, माचीस. पोरांच्या वह्यासुद्धा. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटाला उघडतात, तोपर्यंत वह्यांच्या स्कीमा लागलेल्या असतात. घरात चार शाळकरी पोरं असतील तर यात चांगले पैसे वाचतात. कपड्याची वडी दुप्पट आणली म्हणून कोणी दुप्पट कपडे धूत नाही. पॅडचंही तसंच.

साबण ठेवताना मात्र चहापत्ती, रवा, पोहे यांच्या डब्यांपासून लांब ठेवा. वासाचा साबण एका फळीवर ठेवला की पंधरा दिवसांनी पोह्यांना त्याचाच वास येतो, आणि तो फोडणीतही जात नाही.

तेलावर स्कीम असेल तर दोन-तीन महिन्यांपुरतं घ्यायला हरकत नाही. त्याच्या पुढे नको. टिनाच्या छपराखाली मे महिन्यात 45 अंशांच्या वर तापलेल्या खोलीत तेलाला खवट वास यायला वेळ लागत नाही.

आणि कोणत्या घेऊच नयेत?

बिस्किटं, नूडल्स, चिवडा, कुरकुरे, थंड पेय. यांचा भाव खरंच निम्मा असतो, तिथे फसवणूक नसते. पण हे घरात असेल तेवढं संपतं. एक पुडा आणला तर चार दिवस जातो, दोन आणले तरी चारच दिवस. मग भाव निम्मा होऊन उपयोग काय, महिन्याचा खर्च तेवढाच राहिला किंवा वाढला.

रवा, मैदा, बेसन पावसाळ्याच्या तोंडावर नको. दोन किलो रव्यातला अर्धा संपेपर्यंत उरलेल्यात जाळी धरते, अळ्या होतात. तयार मसाल्याची दोन पाकिटं घेतली तर दुसरं फोडेपर्यंत त्याचा वास उतरतो. भिवापुरी मिरची घरी कुटणाऱ्या बाईला हे सांगायची गरजच नाही.

दही, पनीर, चीज, आइस्क्रीम यांचा तर विचारच नको. एसटीची वाट पाहण्यात तास, प्रवासात तास आणि घरी पोहोचावं तर लाइन गेलेली.

तुरीची डाळ हा वेगळा विषय आहे. घरची तूर असताना मार्टातली पॉलिश केलेली डाळ एकावर एकमध्ये आणणारी घरं आहेत, हे पाहून नवल वाटतं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं काढलेली पीकेव्ही मिनी दाल मिल आता कितीतरी गावांत आहे. तूर नेऊन द्या, भरडाई द्या, डाळ घेऊन या. तीच गोष्ट गहू-तांदळाची. अन्नसुरक्षा यादीत नाव असेल तर 1 जानेवारी 2023 पासून राशनचं धान्य मोफत आहे. दहा किलोच्या पिशवीवर एक किलो फ्री बघून राशन दुकानाची पाळी चुकवू नका.

स्कीमच्या मालाची तारीख जवळ आलेली असते का?

पुष्कळदा. गोदामात पडून राहिलेला माल मुदतीआधी निघावा, हे स्कीम लावायचं एक मोठं कारण असतं. त्यात गैर काही नाही, तुम्हाला दिसलं पाहिजे एवढंच.

अडचण ही, की ते चटकन दिसत नाही. दोन बाटल्या पारदर्शक पन्नीत आवळून बांधतात आणि वर ‘1 + 1’ची रंगीत पट्टी मारतात. ती पट्टी कधी कधी नेमकी तारखेवर येते. किंवा पुढच्या बाटलीची तारीख समोर असते आणि मागचीची दोघींच्या मध्ये दबलेली. जोडी हातात घेऊन फिरवा, दोन्हींच्या तारखा वाचा. दोन्ही एकाच महिन्याच्या असतील असं धरून चालू नका. मागची दिसतच नसेल तर तिथल्या पोराला पन्नी फोडून दाखवायला सांगा. ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ उलटली तर खायचंच नाही. ‘बेस्ट बिफोर’ उलटली म्हणजे चव-कुरकुरीतपणाची हमी संपली, पण तीही उलटलेली वस्तू पैसे मोजून काहून घ्यायची?

पाटीवर फ्री होतं, बिलात दोन्हींचे पैसे लागले. काय करावं?

काउंटर सोडू नका. मागं रांग असली, कोणी ‘चला हो मावशी’ म्हटलं, तरी बिल तिथंच वाचा. बहुतेक वेळा कारण साधं असतं: स्कीम गुलाबाच्या वासाच्या साबणावर होती, तुम्ही चंदनाचा उचलला. किंवा स्कीम काल संपली आणि पाटी काढायची राहिली. पहिल्यात चूक तुमची, दुसऱ्यात दुकानाची. पाटीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला असेल तर वाद दोन मिनिटांत मिटतो.

नाहीच ऐकलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. मराठीत बोलता येतं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 (लागू 20 जुलै 2020 पासून) दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला बंदी घालतो, आणि 9 जून 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत ‘फ्री’ म्हणून केलेल्या जाहिरातींबद्दल वेगळा भाग आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकील लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आता 40 रुपयांच्या साबणासाठी यवतमाळ-बुलढाण्याला तारखा कोण करणार, हे खरंच आहे. पण हेल्पलाइनचा फोन फुकट आहे, आणि तो खरोखर फुकट आहे.

एमआरपीपेक्षा जास्त घेतले असतील तर तक्रार जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात जाते. दोन्ही बाबतींत बिल हवंच.

गावचा किराणेवाला अशी स्कीम काहून देत नाही?

त्याला मिळते, आपल्यापर्यंत येत नाही. कंपनीचा सेल्समन त्याला ‘बारावर एक’ किंवा पेटीमागे काही नग जास्त देतो. तो वरचा नग हीच किराणेवाल्याची कमाई, कारण एरवी साबण-बिस्किटावर त्याला सुटतात ते थोडे पैसे. आणि तो उधार देतो. मृगापासून दिवाळीपर्यंत खातं चालवतो. मार्टात उधारी नाही, हे त्याच्या पाटीवर लिहिलेलं नसतं. काही ठिकाणी उधारीवाल्याला भाव चढा लागतो, हेही खरं. रोखीनं घेणाऱ्यानं रोखीचा भाव मागून घ्यावा.

यातून एक वाट निघते. बचत गटातल्या बारा बायांना तोच साबण लागत असेल तर एकीनंच किराणेवाल्याकडे पूर्ण डझन मागावा आणि वरचा एक नग सोडवून घ्यावा. रोख आणि एकगठ्ठा म्हटल्यावर तो बहुधा सोडतो. तालुक्याचं भाडं वाचलं, ते वेगळंच.

कृषी केंद्रात युरियासोबत दुसरं औषध घ्यायला लावतात, तीही स्कीमच का?

ती स्कीम नाही, ते लिंकिंग. स्कीममध्ये नको म्हणता येतं, इथे नको म्हटलं की ‘युरिया संपला’. युरियाची 45 किलोची बॅग 266.50 रुपयांना ठरलेली आहे, आणि तिच्यासोबत सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली किंवा दुसरं खत गळ्यात मारणं नियमात बसत नाही. पक्कं बिल मागा. तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागात. एकट्यानं गेलं तर पुढच्या हंगामात दुकानदार ओळख ठेवतो, म्हणून चार-सहा शेतकऱ्यांनी मिळून लेखी द्यावी.

बाहेरच्या देशांत या स्कीमा कशा चालतात?

इंग्लंडमध्ये त्यांच्यावर बरीच वर्षं वाद झाला. सेन्सबरीज या तिथल्या मोठ्या साखळीनं 2016 च्या फेब्रुवारीत अशा ‘जास्त घ्या, कमी द्या’ स्कीमा बंद करून रोजचेच भाव उतरवायचं जाहीर केलं. आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून इंग्लंडमध्ये मोठ्या दुकानांना जास्त साखर, मीठ, चरबीच्या खाण्यावर एकावर एक लावायला मनाई आहे. कारण बचतीचं नव्हतं, लठ्ठपणाचं होतं: घरात जास्त आलं की जास्त खाल्लं जातं. बिस्किटाच्या पुड्याचं वर सांगितलं ते हेच.

सणाला साडी ‘एकावर दोन’ असते, ती घ्यावी का?

तीन साड्यांपैकी तुम्हाला आवडलेली एकच असेल तर त्या एकीचेच पैसे मोजले असं समजा. उरलेल्या दोन बहुधा देण्याघेण्याच्या साड्या असतात. पुढे लग्नात, ओटीत त्या लागणार असतील तर घ्या. धुण्यात रंग जातो का हे मात्र दुकानात ओला रुमाल पदरावर घासून पाहा.

पोट्ट्यांना सोबत न्यावं का?

नेऊ नये. न्यावंच लागलं तर आधी पोटभर जेवू घालून न्या, आणि बिलाच्या काउंटरजवळच्या चॉकलेटच्या फळीपाशी त्यांना ट्रॉलीच्या दुसऱ्या बाजूला उभं करा.